भट्टीतील सोळा तास



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा विषयांवर विद्वानांची भाषणे होत आली आहेत. शाळा दहावीतच सोडलेल्या आणि उभा जन्म कारखान्यांच्या फाटकासमोर सभा घेण्यात घालवलेल्या माणसाने धातूच्या पोटातील रचनेवर बोलावे, ही गोष्ट चालकांनी कशी मान्य केली ते त्यांचे त्यांना ठाऊक. कामगार कायद्यावर बोला, असा त्यांचा आग्रह होता. परंतु कायद्यावर बोलणारे वकील या गावात वाटेल तितके आहेत. आणि मी जो काही कायदा जाणतो, त्यातील निम्मा मला या धातूच्या प्रकरणातूनच समजला. तेव्हा विषय मीच सुचवला.

हा विषय माझ्याकडे एका आरोपपत्राच्या रूपाने आला. पंचवीस एक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यात, त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे ओतीव भाग तयार होत असत. मोठ्या यंत्रांच्या गिअरपेट्या, झाकणे, असे ते भाग. ओतून, घासून झाल्यावर ते विजेच्या भट्टीत लावीत आणि चारशे अंशांच्या वर सोळा तास ठेवीत. बाहेर काढून वाऱ्यावर गार करीत. आणि मग दुसऱ्या भट्टीत, बऱ्याच कमी आचेवर, आणखी सोळा तास. या भट्ट्यांवर रात्रपाळीला असणारा माणूस आपल्याच संगमेश्वर तालुक्यातला. एके दिवशी सकाळी भट्टी उघडली, तो आतल्या मालापैकी काही भाग वाकलेले आणि काहींच्या अंगावर घामाच्या थेंबासारखे धातूचे मणी फुटलेले. माल भंगारात गेला. ‘कामात अक्षम्य हयगय करून कंपनीचे नुकसान केले’ असे आरोपपत्र त्याच्या हाती पडले आणि तो निलंबित झाला. चौकशीत त्याची बाजू मांडण्याचे काम माझ्याकडे आले. मी विचारले, काय झाले? तो म्हणाला, “दादा, मी काय केलं नाय. सायबांनी सांगितलं तशी भट्टी लावली.”

एवढ्या उत्तरावर खटला लढता येत नाही. भट्टी कशी लावावयास हवी होती आणि ती तशी न लावल्यास आत काय घडते, हे मला समजल्याशिवाय चौकशी अधिकाऱ्यासमोर तोंड उघडण्यात अर्थ नव्हता. लोखंडाखेरीज दुसऱ्या धातूला असा काही संस्कार लागतो, हेही मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. मग मी फोर्टातल्या पदपथावरून जुनी इंग्रजी पुस्तके आणली, शब्दकोश जवळ घेऊन बसलो, आणि धातुशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या दारात आठवड्यातून दोनदा जाऊन बसू लागलो. त्यांनी मला कधी परत पाठवले नाही.

आता मुद्द्याकडे येतो. ज्यांच्या घरी नारळी-पोफळी आहेत, त्यांना कोयती ठाऊक आहे, आणि कोयतीला पाणी देणारा लोहारही ठाऊक आहे. तो कोयतीची धार लालभडक तापवतो, चर्रकन पाण्यात बुडवतो, मग बाहेर काढून अंगातल्या उरल्या ऊबेने धारेवर रंग चढताना निरखतो. प्रथम फिकट पिवळा, मग तांबूस, मग निळा. हवा तो रंग आला की पुन्हा पाण्यात. पहिल्या बुडवण्याने पोलाद काचेसारखे कठीण आणि तितकेच ठिसूळ होते. नंतरच्या सौम्य ऊबेने ठिसूळपणा उतरतो. ही सर्व विद्या डोळ्यांतली. तिला आकडे नव्हते, पण ती चूक नव्हती. तेव्हा ‘तापवा आणि विझवा, म्हणजे कठीण होते’ अशी समजूत आपल्या मनात घर करून बसली आहे.

हलक्या धातूंचा व्यवहार मात्र उलटा आहे. १९०६ साली जर्मनीत बर्लिनजवळ आल्फ्रेड विल्म हा शास्त्रज्ञ अ‍ॅल्युमिनियम कठीण करण्याच्या खटपटीत होता. त्याने शंभरास चार भाग तांबे आणि अर्धा भाग मॅग्नेशियम घातलेले अ‍ॅल्युमिनियम तापवून पाण्यात विझवले. मोजले तर काठिण्य बेताचेच. असे सांगतात की, तो दिवस शनिवारचा होता. उरलेले मोजमाप सोमवारवर टाकून मंडळी घरी गेली. सोमवारी त्याच पट्ट्या पुन्हा मोजल्या, तर त्या पुष्कळच कठीण झालेल्या! मापकयंत्र बिघडले असेल म्हणून तेही तपासून पाहिले. यंत्र ठीक होते. धातू दोन दिवस नुसता पडून राहिला होता आणि पडल्या पडल्या बळकट झाला होता. यातूनच पुढे ड्युरॅल्युमिन हा विमानांचा धातू निघाला. असे का होते, याचा तर्क १९१९ साली अमेरिकेत मेरिका आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडला, आणि प्रत्यक्ष पुरावा १९३८ साली फ्रान्समध्ये गिनिए व इंग्लंडमध्ये प्रेस्टन या दोघांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने वेगवेगळा दिला. म्हणजे विमाने आधी उडाली, आणि कारण मागाहून कळले. लोहाराला हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

अ‍ॅल्युमिनियमचे नाव रत्नागिरीकरांस नवे नाही. त्याच्या कारखान्यासाठी इथल्या जमिनी घेतल्या गेल्या आणि कारखाना आला नाही, ही हकीकत येथील वडीलधाऱ्या मंडळींना माझ्याहून चांगली माहीत आहे. मॅग्नेशियम मात्र आपल्या दारातच आहे, पण त्याची ओळख नाही. भाट्याच्या किंवा मांडवीच्या किनाऱ्यावर उभे राहून एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी उचलले, तर त्यात सुमारे १.३ किलो मॅग्नेशियम असते. शिरोड्याच्या मिठागरांचे नाव १९३० च्या सत्याग्रहामुळे सर्वांना ठाऊक आहे. ते गाव तेव्हा आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात होते, आता सिंधुदुर्गात आहे. मिठागरात मीठ बसल्यावर वाफ्यात जे कडवट पाणी उरते, त्या कडवटपणाचे कारण मुख्यतः मॅग्नेशियमचे क्षार. १९४१ साली अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर फ्रीपोर्ट येथे डाऊ कंपनीने समुद्राच्या पाण्यातून हा धातू काढण्यास प्रारंभ केला. त्यासाठी लागणारा चुना त्यांनी शिंपले भाजून केला. शिंपल्यांचा चुना आपल्या कोकणाने घरांच्या भिंतींना पिढ्यान्‌पिढ्या लावला. तोच चुना तेथे विमानांच्या उपयोगी पडला. तो कारखाना १९९८ साली बंद झाला. आज जगातील बहुतेक मॅग्नेशियम चीनमध्ये, समुद्रातून नव्हे तर डोलोमाइटच्या दगडातून निघते.

या धातूचे महत्त्व त्याच्या हलकेपणात आहे. पाण्याच्या मानाने लोखंड ७.८७ पट जड, अ‍ॅल्युमिनियम २.७ पट, आणि मॅग्नेशियम अवघे १.७४ पट. जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटल गाडीचे इंजिनाचे कवच आणि गिअरपेटी याच धातूची असे. हेलिकॉप्टरच्या गिअरपेट्या याच्याच करतात. मात्र शुद्ध मॅग्नेशियम मऊ असते. म्हणून त्यात इतर धातू मिसळतात. आमच्या त्या कारखान्यातील मिश्रण जगात सर्वाधिक चालणारे: शंभरात नऊ भाग अ‍ॅल्युमिनियम, एक भाग जस्त, किंचित मँगनीज, बाकी मॅग्नेशियम.

धातू म्हणजे एकसंध गोळा नव्हे, ही गोष्ट आधी मनावर ठसली पाहिजे. धातूचा तुकडा आरशासारखा घासून, सौम्य आम्लाचा हात फिरवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर आपल्याकडच्या गडग्यासारखा देखावा दिसतो. गडग्यात जसे लहानमोठे, वेडेवाकडे दगड एकमेकांत बसवलेले असतात, तसे धातूत स्फटिककण एकमेकांना चिकटून बसलेले असतात. प्रत्येक कणात अणूंच्या रांगा शिस्तीने लागलेल्या; पण शेजारच्या कणातील रांगांची दिशा वेगळी. जेथे दोन कण भेटतात, तो सांधा. कण केवढे, सांध्यांत काय भरले आहे, आणि कणाच्या पोटात काय विखुरले आहे, या तीन गोष्टींना मिळून सूक्ष्मरचना म्हणतात. मिश्रणातील धातूंचे प्रमाण तेच ठेवूनही या तीन गोष्टी बदलता येतात, आणि त्या बदलल्या की धातूचा स्वभाव बदलतो. भट्टीतला माणूस बदलत असतो ते हे. वरून त्याला काहीच दिसत नाही. भाग आत जाताना जसा, तसाच बाहेर येतो. ना रंग, ना आकार.

आता हा मिश्रधातू ओतल्यावर काय होते ते पाहू. कढत चहात जितकी साखर विरते तितकी गार चहात विरत नाही. घन धातूतही असेच असते. ४३७ अंशांस घन मॅग्नेशियम आपल्या पोटात शंभरास सुमारे १२.७ भागांपर्यंत अ‍ॅल्युमिनियम विरवून ठेवू शकते. साध्या हवेच्या तापमानास जेमतेम दोन भाग. वितळलेला रस साच्यात थिजू लागला की आधी थिजणाऱ्या कणांत मॅग्नेशियम जास्त आणि अ‍ॅल्युमिनियम कमी असते. नको असलेले अ‍ॅल्युमिनियम शेवटपर्यंत उरलेल्या रसात ढकलले जाते, आणि हा उरलेला रस कुठे असतो? कणांच्या सांध्यांत. तो थिजताना तेथे सतरा अणू मॅग्नेशियम आणि बारा अणू अ‍ॅल्युमिनियम अशा प्रमाणाचे एक संयुग तयार होते. वस्तुतः नऊच भाग अ‍ॅल्युमिनियम असल्यामुळे, पुरेशी सवड मिळती तर ते सगळे कणांत विरून गेले असते. पण ओतकामात सवड नसते. साचा मिनिटांत गार होतो.

हे संयुग कठीण पण ठिसूळ. गडग्याच्या सांध्यांत कुणी काचेचा चुरा भरावा, तसे ते सांध्यांत जाळ्यासारखे पसरते. ओढ बसली की भेग या जाळ्याच्या वाटेने धावते. हँडबुकातले ढोबळ आकडे सांगतो. नुसता ओतलेला हा मिश्रधातू चौरस मिलिमीटरला सुमारे १७ किलो भारास तुटतो, आणि तुटण्याआधी लांबीत शेकडा अडीचच ताणला जातो.

म्हणून पहिली भट्टी. तापमान सुमारे ४१३ अंश, वेळ सोळा ते चोवीस तास. या आचेवर सांध्यांतील संयुग हळूहळू विरघळते आणि त्यातील अ‍ॅल्युमिनियमचे अणू कणाच्या आतपर्यंत पसरतात. धातू वितळलेला नसतो. तो घनच असतो. घन पदार्थात अणूने चालत जाणे म्हणजे भरगच्च एस.टी.त मागच्या दारातून पुढे येणे आहे! कुणी थोडे सरकले, जागा झाली, एक पाऊल पुढे. याचा एक हिशेब असा की, जायचे अंतर दुप्पट झाले तर लागणारा वेळ दुप्पट नव्हे, चौपट होतो. जो भाग जाडजूड असतो तो साच्यात हळू थिजतो, त्याचे जाळे ठोकळ असते आणि अणूंना अंतरही जास्त काटावे लागते. पातळ भागाचे काम लवकर उरकते. वेळ कुठून आला, या माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला असे मिळाले. सोळा तास हा कुणा साहेबाच्या मर्जीचा आकडा नव्हता.

मग आच वाढवून वेळ का वाचवू नये? अणू उष्णतेत फार भराभर चालतात, हे खरे. पण वरती छत आहे. सांध्यांतले ते जाळे ४३७ अंशांस वितळते, आणि जस्त मिसळलेले असले म्हणजे त्याहूनही खाली. बाकीचा कण शाबूत, आणि सांधे मात्र पातळ रसाचे! अशा भागाला स्वतःचे वजनही पेलत नाही. तो वाकतो, आणि आतला रस घामासारखा बाहेर येतो. पुन्हा गार झाल्यावर त्या जागी पोकळ्या राहतात आणि त्या कोणत्याही संस्काराने भरून येत नाहीत.

म्हणूनच या जातीच्या मिश्रधातूसाठी पुस्तकात एक नियम दिलेला असतो: माल लावताना भट्टी २६० अंशांच्या आसपास असावी, आणि तेथून सुमारे दोन तासांत हळूहळू वर न्यावी. वर चढता चढता जाळ्यातला लवकर वितळणारा अंश वितळण्यापूर्वीच विरून जातो. घाई केली तर त्याला विरण्याची सवड मिळत नाही, आणि भट्टी ४१३ च्या पुढे न जाताही सांधे वितळू शकतात. मी ही ओळ वाचली त्या रात्री मला झोप आली नाही, हे खरेच सांगतो.

भट्टीला तापमानाची नोंद करणारे यंत्र होते. त्याच्या कागदी तबकड्या आम्ही चौकशीत मागितल्या. द्यावयाच्या नव्हत्या, पण कार्यवृत्तात नोंद करावयास लावल्यावर द्याव्या लागल्या. त्यांत स्पष्ट दिसत होते की, आधीचा माल काढल्यावर भट्टी २६० पर्यंत उतरू न देता, चारशेच्या घरात असतानाच थंड माल आत सारला होता. दार उघडल्याने तापमान खाली आले, विजेने जोर केला, आणि सुई ठरल्या रेषेच्या पलीकडे जाऊन मग परतली. आणि हे त्याच रात्रीचे नव्हते. मागच्या तीन आठवड्यांच्या तबकड्यांत निम्म्याहून अधिक वेळा तसेच केलेले होते. माल पोहोचवण्याची घाई होती, दोन-तीन तास वाचत होते, आणि तोंडी हुकूम कागदावर नसतो. मग इतके दिवस माल का बिघडला नाही? कारण तोवर पातळ झाकणे लावली जात होती. त्यांचे जाळे बारीक, चटकन विरणारे. त्या रात्री प्रथमच जाड अंगाच्या पेट्या लावल्या होत्या.

प्राध्यापकांनी भंगारातील एका पेटीचा तुकडा कापून, घासून मला दाखवला. सांध्यांत गोल गोल थिजलेली डबकी आणि त्यांच्यामध्ये काळी भोके. त्यांनी तसा लेखी अभिप्राय दिला. कंपनीच्या अधिकाऱ्याने मला विचारले, “युनियनला सूक्ष्मदर्शक कशाला लागतो?” मी म्हटले, आरोपपत्र सूक्ष्म आहे म्हणून. आरोप मागे घेतला गेला. निलंबनाच्या काळात कायद्याने निम्मा पगार मिळत होता. उरलेला निम्मा हाती पडायला आणखी वर्ष लागले. त्या अवधीत त्याच्या घरी काय झाले ते मी येथे सांगत नाही.

या प्रकरणात आणखी एक गोष्ट पुढे आली, ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. तापलेल्या मॅग्नेशियमला हवा सोसत नाही. अ‍ॅल्युमिनियमवर गंजाचा जो थर बसतो तो खालच्या धातूहून जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो घट्ट बसून धातूचे रक्षण करतो. मॅग्नेशियमचे उलट आहे. शंभर भाग जागेच्या धातूपासून ८१ भागच जागेचा थर होतो. म्हणजे तो उन्हाळ्यातल्या भाताच्या खाचरासारखा तडकतो आणि भेगांतून हवा आत शिरते. चारशे अंशांच्या पुढे हे काम वाढत जाऊन धातू पेटूही शकतो. म्हणून भट्टीत राखण करणारा वायू लागतो. स्वस्त उपाय म्हणजे गंधक. गंधकाचा धूर, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, शेकडा एकाच्या आसपास असला तरी पुरतो. धातूची राखण उत्तम होते. माणसाच्या छातीची होत नाही. रात्रपाळीवाल्यांचा खोकला आम्ही वर्षानुवर्षे ऐकत होतो आणि बिडीवर ढकलत होतो. यातले आमचेही अज्ञान मी नाकारीत नाही. कार्बन डायऑक्साइडनेही हे काम होते; तो जास्त प्रमाणात लागतो, खर्च वाढतो. आम्ही त्याची मागणी केली आणि दाराला धूर ओढणारे नळकांडे मागितले. नळकांडे मिळाले, वायू बदलला नाही. ओतशाळांत पुढे सल्फर हेक्झाफ्लोराइड नावाचा बिनवासाचा वायू आला. माणसाला तो फारसा जाचत नाही, पण वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून पुढचा, म्हणून आता त्याच्याही मागे लोक लागले आहेत.

याच संदर्भात कामगार बंधूंसाठी दोन शब्द. मॅग्नेशियम पेटले तर पाणी मारू नये. पाण्यातील हायड्रोजन मोकळा होऊन स्फोट होतो. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडेही पेटलेल्या मॅग्नेशियमवर चालत नाही. भट्टीत राखण करणारा तोच वायू पेटलेल्या धातूला मात्र विझवू शकत नाही. त्यासाठी ठेवलेली खास कोरडी पूडच वापरावी. आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भागांसाठी वितळलेल्या सोऱ्याचे कुंड असते, त्यात मॅग्नेशियमचा भाग चुकूनही बुडवू नये. दोन्ही धातू दिसायला सारखे, म्हणून ही चूक होऊ शकते आणि ती शेवटची ठरते.

आता दुसरी भट्टी. पहिल्या भट्टीतून काढलेला माल वाऱ्यावर गार करतात. कोयतीप्रमाणे पाण्यात बुडवावे लागत नाही, कारण मॅग्नेशियममध्ये अ‍ॅल्युमिनियमचे अणू इतके संथ चालतात की साध्या वाऱ्यावर गार होतानाही त्यांना बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही. ते कणात अडकून राहतात. आता सांधे स्वच्छ झालेले असतात. धातू तुटतो सुमारे २८ किलोंस, आणि तुटण्याआधी शेकडा १५ पर्यंत ताणला जातो. चिवट झाला खरा, पण मऊ राहिला. कायमचा वाकू लागतो तो सुमारे ९ किलोंसच. गिअरपेटी वाकून चालत नाही.

आपल्या परिचयाच्या भाषेत सांगायचे तर, आता त्याला अढीत घालावयाचे. आंबा गवतात बेताच्या ऊबेत ठेवतात, तसा हा माल १६८ अंशांवर सोळा तास ठेवतात. तेवढ्या ऊबेत अडकलेले अ‍ॅल्युमिनियमचे अणू थोडे थोडे सरकतात, आणि तेच संयुग पुन्हा जन्म घेते. पण आता सांध्यांत ठोकळ जाळे होऊन नव्हे, तर कणाच्या पोटात असंख्य बारीक चकत्या होऊन. पदार्थ तोच, जागा आणि आकार वेगळा, आणि परिणाम उलटा. वाकण्याची सीमा ९ वरून १५ किलोंवर जाते. ताण शेकडा १५ वरून ६ वर उतरतो, पण नुसत्या ओतलेल्या धातूहून तो अजूनही दुप्पट आहे.

चकत्यांनी बळ का येते? धातू वाकतो तो अणूंचे थर एकमेकांवरून घसरल्यामुळे. मॅग्नेशियमच्या स्फटिकात अणू षट्कोनी मांडणीत, पत्त्यांच्या जुडीसारखे थरांवर थर रचलेले असतात, आणि ते मुख्यतः पत्त्यांसारखेच एका दिशेने घसरतात. वाटेत चकती आली की घसरण अडते. परंतु येथे या मिश्रधातूचे दुर्दैव आड येते. त्याच्या बहुतेक चकत्या पत्त्यांना समांतर, दोन पत्त्यांमध्ये ठेवलेल्या कागदाच्या कपट्यासारख्या आडव्या पडतात. जुडीला खिळा आरपार ठोकला असता तर पत्ते पक्के अडले असते. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचे मिश्रधातू अढीत जितके बळकट होतात, तितके हे होत नाहीत. इट्रियम आणि निओडिमियम ही दुर्मीळ मूलद्रव्ये घातलेल्या मॅग्नेशियममध्ये चकत्या उभ्या, पत्त्यांना आरपार बसतात. ते मिश्रण सुमारे ५२५ अंशांवर आठ तास आणि मग २५० अंशांवर सोळा तास ठेवतात. ते तापलेल्या गिअरपेटीतही टिकते, आणि किंमतही तशीच असते. त्याच्यासारख्याच मिश्रणाचे स्क्रू आता मोडलेल्या हाडात बसवतात. हाड सांधेपर्यंत ते टिकतात आणि मग शरीरातच हळूहळू विरून जातात. काढण्यासाठी पुन्हा चिरफाड करावी लागत नाही.

अढीत आंबा फार दिवस राहिला तर जे होते तेच येथेही. वेळ किंवा आच वाढली की बारीक चकत्या विरून मोठ्या चकत्यांना जाऊन मिळतात. संख्या घटते, अंतर वाढते, घसरणारे थर त्यांना वळसा घालून जातात, आणि धातू पुन्हा मऊ पडू लागतो.

पण या दुसऱ्या भट्टीविषयी मला कबुलीही दिली पाहिजे. पुढे व्यवस्थापनाने असे काढले की, १६८ अंशांवर सोळा तासांऐवजी २१५ अंशांवर चार तास ठेवावे. आमचे लोक खवळले. सोळा तासांमुळे रात्रीचा जादा भत्ता सुटत होता. पहिल्या भट्टीत घाई करून आमच्या माणसावर बालंट आणणारे हेच लोक, आता दुसऱ्या भट्टीतही घाई करतात, अशी भाषणे झाली, टाळ्या पडल्या. मी घरी येऊन पुस्तक उघडले. दोन्ही पर्याय तेथे शेजारी शेजारी दिलेले होते. येथे काही वितळण्याचा धोका नव्हता. २१५ अंश कुठे आणि ४३७ कुठे! दुसऱ्या दिवशी सभेत मी सांगितले की, धातूच्या नावावर आपल्याला हे भांडता येणार नाही. भत्त्याच्या नावावर भांडू या. सभा गप्प झाली. त्या वर्षीच्या युनियनच्या निवडणुकीत मी थोडक्या मतांनी वाचलो. भत्त्याच्या बदल्यात पुढे एक ठोक रक्कम मूळ पगारात मिळाली, ती पुरेशी नव्हती असे आजही मला वाटते.

एक खुलासा राहिला. मोबाइल आणि लॅपटॉपच्या मॅग्नेशियमच्या चौकटी हल्ली पुष्कळ निघतात. त्यांना या भट्ट्या लागतात का, असे एका विद्यार्थ्याने काल विचारले. सहसा नाही. तो रस प्रचंड दाबाने साच्यात मारतात, त्याबरोबर हवा आत कोंडली जाते; असा भाग चारशे अंशांवर नेला तर ती हवा फुगून अंगावर फोड येतात.

चौकशीतला तो तुकडा प्राध्यापकांनी मला परत दिला होता. आज तो मी बरोबर आणला आहे. आपल्या १८२८ सालच्या नगर वाचनालयात पुस्तके आहेत, पण सूक्ष्मदर्शक नाही, म्हणून एका शाळेतून मागून आणला. पण शाळेतल्या सूक्ष्मदर्शकात प्रकाश खालून येतो, आणि धातूतून प्रकाश पार होत नाही. त्यामुळे नुसते पाहू जाल तर काळोखच दिसेल. बॅटरी बाजूने, तिरपी धरून तुकड्याच्या वरच्या अंगावर उजेड पाडावा लागतो. माझा मुलगा बॅटरी धरून टेबलाशी उभा राहील. तुकडा मधोमध कापलेला आहे: डावीकडे पातळ झाकणाचा चांगला नमुना डकवला आहे, उजवीकडे ती पेटी. उजवीकडे सांध्यांत काळी भोके दिसतील. ती मोजावयाचा प्रयत्न करू नये, मी केला आहे.